पीओ ते एमओ : गोदामातील पावती मराठीत येईपर्यंत

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात आमच्या भागातील शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी आहे. तिच्या गोदामात सोयाबीन, तूर आणि हरभरा यांची आवक ज्या प्रोग्राममध्ये नोंदविली जाते, तो माझ्या पुतण्याने पुण्यातील नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवसांत लिहून दिलेला आहे. प्रोग्राम पायथॉन भाषेत आहे, त्याच्या खिडक्या जीटीके या खिडक्या-बटणे दाखविणाऱ्या संचाच्या आहेत आणि गोदामातील जुन्या संगणकावर तो डेबियन लिनक्सखाली चालतो. त्यातील सर्व संदेश मुळात इंग्रजीत होते. काट्यावर बसणाऱ्या कारकुनाला तेवढे इंग्रजी पुरते, परंतु पावती हातात घेऊन घरी जाणाऱ्या शेतकऱ्याला तिच्यावरचे वजन, ओलावा आणि कपात या तिन्ही गोष्टी स्वतः वाचता आल्या पाहिजेत, असा संचालकांचा आग्रह होता आणि तो योग्य होता. भाषांतराचे काम जवळच्या जिल्हा परिषद शाळेतील एका शिक्षिकेने स्वीकारले. मी तालुक्याच्या गावी टायपिंगचा आणि संगणकाचा वर्ग चालवितो, त्यामुळे मॅडमनी भाषांतरित केलेल्या संदेशफाइली तपासून, कंपाइल करून म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा रूपात आणून गोदामातील संगणकावर बसविण्याचे काम माझ्याकडे आले.

या कामाला लागणारी साधने ग्नू गेटटेक्स्ट या संचात मिळतात. संदेश मूळ प्रोग्रामपासून वेगळे ठेवण्याची ही पद्धत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सन मायक्रोसिस्टिम्सने वापरात आणली आणि ग्नू प्रकल्पाने तिची मुक्त आवृत्ती १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. पद्धत अशी, की प्रोग्रामच्या मूळ मजकुरातील भाषांतरयोग्य वाक्ये एक्सगेटटेक्स्ट नावाची आज्ञा वेचून काढते आणि त्यांचा एक कोरा साचा बनविते. त्या साच्याला पीओटी म्हणतात. साच्याची प्रत घेऊन प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली मराठी वाक्य भरले की पीओ फाइल तयार होते. ही साधी मजकुराची फाइल असते, कोणत्याही संपादकात उघडते आणि माणसाला वाचता येते. प्रोग्राम मात्र ती वाचत नाही. एमएसजीएफएमटी ही आज्ञा तिचे एमओ फाइलीत रूपांतर करते आणि प्रोग्राम चालताना फक्त तीच उघडतो.

एमओ फाइल माणसासाठी नाहीच. तिच्या आरंभी एक ठरावीक ओळखसंख्या, नंतर संदेशांची संख्या आणि मग दोन तक्ते असतात, एक मूळ संदेशांचा आणि दुसरा भाषांतरांचा. मूळ संदेश वर्णक्रमाने लावलेले असल्यामुळे हवा तो संदेश शोधताना सगळी फाइल चाळावी लागत नाही. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकावरही पावतीची खिडकी मराठीत उघडताना काही उशीर होत नाही, त्याचे श्रेय या मांडणीला आहे. आमच्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट ही, की गेटटेक्स्टचा संच एकदा बसविला की पुढचे सारे काम इंटरनेटशिवाय होते. भाषांतराची संकेतस्थळे सोयीची असतात, हे मला मान्य आहे. पण जेथे पावसाळ्यात नेटवर्क आणि वीज दोन्ही मनाला येईल तेव्हा जातात, तेथे पेनड्राइव्हवर मावणारी पद्धतच टिकते.

मॅडमकडून आलेली पहिली फाइल पाहिली, तेव्हा तिचा अर्धा भाग युनिकोडमध्ये होता आणि अर्धा कृतिदेवमध्ये. शाळेच्या कामाचा ताण होता म्हणून त्यांनी काही पाने तालुक्याच्या एका डीटीपी केंद्रातून टाइप करून घेतली होती आणि तेथे अजूनही लग्नपत्रिकांपासून ग्रामसभेच्या सूचनांपर्यंत सर्व काही कृतिदेवमध्येच होते. कृतिदेवचा मजकूर दिसायला देवनागरी असतो, परंतु संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात; फॉन्ट काढून घेतला की निरर्थक अक्षरांची रांग उरते. एमएसजीएफएमटीला यात काहीही वावगे दिसत नाही, कारण इंग्रजी अक्षरे युनिकोडच्या दृष्टीने पूर्णपणे वैध आहेत. फाइल विनातक्रार कंपाइल झाली असती आणि गोदामाच्या पडद्यावर शेतकऱ्याच्या नावाशेजारी काहीतरी अगम्य उमटले असते. म्हणून ती पाने आधी परिवर्तकातून, म्हणजे कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममधून, काढून युनिकोडमध्ये आणली.

परिवर्तकाने मात्र समोर आले ते सगळेच देवनागरी केले. आमच्या प्रोग्राममधील पुष्कळ संदेशांत प्लेसहोल्डर आहेत, म्हणजे टक्क्याचे चिन्ह, कंसात एक इंग्रजी नाव आणि शेवटी ‘एस’ किंवा ‘डी’ हे अक्षर. प्रोग्राम चालताना त्या जागी शेतकऱ्याचे नाव, पिकाचे नाव किंवा क्विंटलचा आकडा येतो. परिवर्तकाने ती कंसातील इंग्रजी नावेही कृतिदेव समजून बदलली आणि शेवटच्या ‘एस’ची तर मात्राच झाली. येथे एमएसजीएफएमटीचा ‘चेक’ हा पर्याय उपयोगी पडला. हा पर्याय दिला नाही तर आज्ञा फक्त फाइलीची रचना बरोबर आहे का एवढेच पाहते. दिला तर मूळ वाक्यातील प्रत्येक प्लेसहोल्डर भाषांतरात जसाच्या तसा आहे की नाही, हेही तपासते आणि कोणत्या ओळीवर काय बिघडले आहे ते सांगते. कंसातील नाव मुळात नसेल तर तसे म्हणते, शेवटचे अक्षर गळले असेल तर प्लेसहोल्डरची मांडणी वैध नाही असे म्हणते. तिने दाखविलेली यादी लांबलचक होती. ती पाहून मॅडम थोड्या घाबरल्या. मी त्यांना सांगितले, की यातली एकही चूक त्यांची नाही आणि प्रत्येक ओळीचा क्रमांक हाती असल्यामुळे दुरुस्ती म्हणजे मूळ वाक्यातला तुकडा उचलून तेथे ठेवणे एवढेच आहे. क्रम बदलण्याची मुभा मात्र राहते. इंग्रजीत आधी वजन, मग पीक आणि शेवटी शेतकरी येतो. मराठीत अमुक शेतकऱ्याकडून अमुक पीक इतके क्विंटल मिळाले असे लिहिले जाते. प्लेसहोल्डरला नाव असल्यामुळे हा उलटा क्रम तपासणीत निर्धोक पार पडतो.

तपासणीने दाखविलेल्या एका ओळीत मात्र आम्हाला काहीच खोट सापडेना. सोयाबीनचा ओलावा बारा टक्के किंवा त्याहून कमी असावा, अशा अर्थाची ती सूचना होती. इंग्रजीत ‘१२’ या आकड्यापुढे टक्क्याचे चिन्ह, मग रिकामी जागा आणि मग ‘ऑर’ हा शब्द होता. मॅडमनी चिन्हाऐवजी ‘टक्के’ असे अक्षरी लिहिले होते, जे मराठीत अधिक शोभते. तरीही आज्ञा म्हणत होती, की मूळ वाक्यात एक प्लेसहोल्डर आहे आणि भाषांतरात तो नाही. उलगडा असा, की पायथॉनच्या नियमानुसार टक्क्याचे चिन्ह, रिकामी जागा आणि ‘ओ’ हे अक्षर यांनी मिळून खरोखरच एक वैध प्लेसहोल्डर बनतो. म्हणून वाक्य वेचतानाच एक्सगेटटेक्स्टने त्या संदेशावर पायथॉनचा प्लेसहोल्डर असल्याची खूण लावून टाकली होती. याचा उपाय भाषांतरात नसून मूळ प्रोग्राममध्ये आहे. त्या वाक्याच्या आधी एक टीप लिहून यात प्लेसहोल्डर नाही असे एक्सगेटटेक्स्टला सांगावे लागते. पुतण्याने ती ओळ घालून नवा साचा पाठविला आणि तक्रार गेली. ज्यांच्या प्रोग्राममध्ये ओलावा, कपात, व्याज अशी टक्केवारी जागोजागी येते, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण अशा वेळी भाषांतरकार बिचारा आपलीच चूक शोधत बसतो.

फाइलीच्या अगदी वर एक नोंद असते, जिचा मूळ संदेश रिकामा असतो. भाषेचा संकेत, अक्षरसंच, भाषांतरकाराचे नाव आणि अनेकवचनाचा नियम या गोष्टी तिच्यात लिहिलेल्या असतात. साच्यातून आलेली ही नोंद तशीच सोडली, तर अक्षरसंचाच्या जागी नुसता ‘कॅरसेट’ हा शब्द आणि अनेकवचनाच्या जागी नुसते नमुन्याचे शब्द राहतात आणि तपासणी अडते. मराठीसाठी भाषेचा संकेत ‘एमआर’ आणि अक्षरसंच यूटीएफ-८ द्यावा. अनेकवचनाची रूपे दोन असून संख्या एक नसेल तर दुसरे रूप घ्यावे, असा नियम लिहावा. मग एक पोते, दोन पोती आणि शून्य पोती ही तिन्ही रूपे पावतीवर बरोबर उमटतात.

याच शीर्षनोंदीने पुढे एक गमतीदार प्रकार घडविला. चाचणीसाठी छापलेल्या काही पावत्यांवर शेऱ्याच्या रकान्यात मॅडमचे नाव, त्यांचा ईमेल, फाइलीची तारीख आणि अनेकवचनाचे सूत्र असा सगळा मजकूर छापून आला. ज्या आवकीला काही शेरा असे, तिची पावती व्यवस्थित येई. शेरा रिकामा असला की हा प्रकार होई. प्रोग्राम शेऱ्याचा मजकूरही भाषांतरासाठी गेटटेक्स्टकडे पाठवीत होता आणि रिकाम्या संदेशाचे भाषांतर विचारले की गेटटेक्स्ट प्रामाणिकपणे ती शीर्षनोंदच परत देते. कारकुनाने भरलेला शेरा भाषांतरासाठी पाठविण्याचे मुळात कारणच नव्हते, म्हणून पुतण्याने प्रोग्राममधील ती विचारणा काढून टाकली. फाइल कितीही काटेकोरपणे तपासली असती, तरी हा दोष तिच्यात सापडला नसता. तेव्हापासून कंपाइल झाल्यावर प्रत्येक प्रकारची एक पावती छापून पाहण्याचा नियम आम्ही केला आणि तिच्यात मुद्दाम काही रकाने रिकामे सोडतो.

यानंतरची अडचण सर्वांत जास्त वेळ खाणारी ठरली. एमओ फाइल तयार झाली आणि ठरल्याप्रमाणे भाषेच्या संकेताच्या फोल्डरमध्ये, त्यातील एलसी मेसेजेस या उपफोल्डरमध्ये, प्रोग्रामने ठरविलेल्याच नावाने ठेवली. नावाचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण एमएसजीएफएमटीला बाहेर पडणाऱ्या फाइलीचे नाव सांगितले नाही, तर ती चालू फोल्डरमध्ये ‘मेसेजेस’ याच नावाची एमओ फाइल बनविते आणि प्रोग्राम तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आमचे नाव बरोबर होते, जागा बरोबर होती. प्रोग्राम सुरू केला आणि कारकून पडद्याकडे पाहून म्हणाला, “भाऊ, खालच्या पट्टीत तं मराठी येऊन राह्यली, अन् बटनं सारी इंग्रजीतच. असं कायले?”

त्याचे निरीक्षण अचूक होते. पावती जतन झाली, वजन भरा, शेतकऱ्याचे नाव सापडले नाही, असे जे संदेश काम करताना येत ते मराठीत होते. बटणे, रकान्यांची शीर्षके आणि मेनू मात्र इंग्रजीत. दोन्हींची भाषांतरे एकाच एमओ फाइलीत होती. एमएसजीअनएफएमटी या उलट्या आज्ञेने ती फाइल पुन्हा मजकुरात आणून पाहिली, तर बटणांची मराठी नावे तिच्यात सुखरूप होती. म्हणजे कंपाइल करण्यात काही कमी नव्हते. पुतण्याला फोन लावला, तेव्हा तो म्हणाला, “काका, बटणांची नावं पायथॉन वाचतच नाही. ती ग्लेडच्या फाइलीत आहेत, ती जीटीके स्वतः वाचतं.”

यातील मर्म असे, की एकच एमओ फाइल येथे दोन वेगवेगळे वाचक वाचतात. पायथॉनचे गेटटेक्स्ट मोड्यूल फाइल स्वतः उघडते. त्याला संगणकाच्या मांडणीत (एन्व्हायर्नमेंट) ठरविलेला भाषेचा संकेत मिळाला की पुरे. ग्लेड या खिडक्या आखण्याच्या साधनात आखलेल्या खिडक्यांतील मजकूर मात्र जीटीके हे सी भाषेच्या ग्रंथालयातील गेटटेक्स्टकडून घेते आणि त्या गेटटेक्स्टच्या दोन अटी आहेत. पहिली अट अशी, की प्रणालीवर त्या भाषेचे लोकेल, म्हणजे त्या भाषेच्या आणि प्रदेशाच्या नियमांचा संच, प्रत्यक्ष तयार केलेले असावे. तयार लोकेलांची यादी मागितली, तेव्हा आमच्या संगणकावर मराठीचे लोकेल नव्हतेच. ते नसले की ग्रंथालय मुकाट्याने मूळ इंग्रजीवर परत जाते आणि खिडकीत कोणतीही चूक दिसत नाही. दुसरी अट अशी, की फाइल कोठे आहे हे पायथॉनच्या गेटटेक्स्ट मोड्यूलला सांगून भागत नाही. तेच पायथॉनच्या लोकेल मोड्यूलमार्फत सी ग्रंथालयालाही सांगावे लागते. डेबियनमध्ये लोकेलांच्या यादीतील मराठी-भारत ही ओळ खुली करून लोकेल तयार करण्याची आज्ञा चालविली, पुतण्याने प्रोग्रामच्या आरंभी आवश्यक त्या ओळी घातल्या आणि त्यानंतर बटणेही मराठीत आली. ज्यांचा पडदा असा अर्धा-अर्धा दिसत असेल, त्यांनी पीओ फाइल पुन्हा पुन्हा कंपाइल करण्यात वेळ घालवू नये. आधी लोकेलांची यादी पाहावी.

हंगाम सुरू होण्यापूर्वी पुतण्याने प्रोग्राममध्ये काही बदल केले आणि नवा साचा आला. अशा वेळी जुने भाषांतर फेकून देण्याची गरज नसते. एमएसजीमर्ज ही आज्ञा जुनी पीओ फाइल आणि नवा साचा यांचा मेळ घालते. जी वाक्ये तशीच आहेत त्यांचे भाषांतर तसेच राहते आणि जे वाक्य नवे असूनही एखाद्या जुन्या वाक्यासारखे दिसते, त्याला त्या जुन्याचे भाषांतर अंदाजाने जोडून वर ‘फझी’ अशी खूण केली जाते. फझी नोंदी एमएसजीएफएमटी एमओ फाइलीत घेत नाही, त्यामुळे त्या जागी पडद्यावर इंग्रजी दिसते. अगोदर मराठीत असलेला प्रोग्राम अद्ययावत केल्यावर जागोजागी इंग्रजी झाला, अशी तक्रार संचालकांपैकी एकांनी केली आणि फझी नोंदीही सामावून घेण्याचा एक पर्याय या आज्ञेत आहे, हे कोणीतरी त्यांना सांगितलेले होते. तो पर्याय वापरण्यास मी ठाम नकार दिला. नव्या आवृत्तीत पावती रद्द झाल्याचा संदेश वाढला होता आणि तो इंग्रजीत पावती जतन झाल्याच्या संदेशाशी इतका मिळताजुळता होता, की आज्ञेने त्याला ‘पावती जतन झाली’ हेच भाषांतर जोडून दिले होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर असताना रद्द केलेल्या पावतीवर असा संदेश दिसण्यापेक्षा तेथे इंग्रजी दिसलेले शतपट बरे. मॅडमनी फझी नोंदी एकेक करून पाहिल्या, योग्य तेथे मजकूर बदलला आणि खूण काढली.

एमएसजीएफएमटीला ज्या गोष्टी दिसत नाहीत, त्यांत मराठीपुरती एक विशेष महत्त्वाची आहे. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातील रफार नसलेला, चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : एकात नुक्ता असलेले ऱ हे अक्षर, हलन्त आणि य असतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारे जोडचिन्ह आणि य असतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. मॅडमचा संगणकावरचा कळफलक एका प्रकारे लिहीत होता आणि परिवर्तकातून आलेली पाने दुसऱ्या प्रकारे. छपाईत काही फरक पडला नाही, पण एखादा शब्द सर्वत्र बदलायचा म्हणून शोधला की निम्म्याच जागा सापडत. आम्ही पहिला प्रकार प्रमाण धरला आणि कंपाइल करण्यापूर्वी दुसरा प्रकार शोधून बदलण्याची एक पायरी वाढविली. विंडोजच्या जुन्या नोटपॅडने फाइलीच्या आरंभी घातलेली अदृश्य खूणही त्याच पायरीत काढली जाते. ती राहिली तर आज्ञा पहिल्याच ओळीवर अडखळते आणि त्या ओळीत डोळ्यांना तर काहीच चुकीचे दिसत नाही.

आता ही सर्व कामे एका लहानशा आज्ञाफाइलीत क्रमाने लिहून ठेवली आहेत. अदृश्य खुणा आणि अर्धा र यांची सफाई आधी होते, मग ‘चेक’ आणि ‘स्टॅटिस्टिक्स’ या पर्यायांसह एमएसजीएफएमटी चालते आणि किती संदेश पूर्ण, किती फझी, किती कोरे हे दाखविते. नवी एमओ फाइल प्रथम तात्पुरत्या नावाने तयार होते आणि तपासणी निर्वेध पार पडली तरच जुन्या फाइलीची जागा घेते. प्रोग्राम चालू असताना त्याने उघडून ठेवलेल्या फाइलीवरच नवा मजकूर लिहिणे धोक्याचे असते, हे त्यामागचे एक कारण आहे. बदल दिसण्यासाठी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतोच, म्हणून हे काम काटा बंद झाल्यावर संध्याकाळी करतो. पीओ फाइलीची प्रत मॅडमकडे आणि माझ्याकडे अशा दोन ठिकाणी राहते. एमओवरून वाक्ये परत मिळविता येतात, परंतु भाषांतरकाराच्या टिपा आणि फझीच्या खुणा त्या वाटेने परत मिळत नाहीत. वार्षिक अहवालाचा भाग अजून इंग्रजीतच आहे. तो शेतकऱ्याच्या हाती जात नाही, म्हणून हरभऱ्याची आवक ओसरल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत तो हाती घ्यायचे मॅडमनी ठरविले आहे.